चढावर झिजलेले दाते

१२ सप्टेंबर

प्रिय आत्या,

सायकल कुरकुर करायला लागली तर आधी मला लिहायचं, मग बाकीच्या शहाण्यांना विचारायचं, असं निघताना तू बजावलं होतंस. म्हणून हे पत्र. फोनवर तुला नुसती खरखर ऐकू येते आणि मला तुझं "काय, काय". त्यापेक्षा हे बरं.

तर तक्रार अशी. पॅडलवर जोर दिला की चेन मध्येच उडी मारते. कट् असा आवाज होतो, पाय पोकळीत जातो आणि पायाबरोबर माझं काळीजही. एरवी मात्र ती इतकी गुणी वागते की माझाच मला संशय येतो. पुसून काढली, तेल घातलं, काही फरक नाही. तू स्वतःच्या हाताने जुळवून दिलेली सायकल वर्षाच्या आत अशी रुसेल असं वाटलं नव्हतं.

बाकी छान. चष्म्याच्या कारखान्यात आता मला काचांच्या कडा घासायच्या मशीनवर बसवलं आहे. दुपारी खिडकीतून ऊन आलं की सगळ्या टेबलावर भिंगांचे गोल कवडसे पडतात आणि काम करावंसं वाटत नाही. खोली अगदी जवळ आहे, रस्ते तळहातासारखे सपाट, त्यामुळे दगदग नाही. जेवण वेळेवर होतं. तुझ्या चष्म्याचा नंबर तपासून कळव म्हणून मी आजवर प्रत्येक पत्रात लिहिलं आणि प्रत्येक वेळी तू त्या ओळीकडे कानाडोळा केलास. पुन्हा एकदा लिहिते.

तुझी
भिंगरी


१९ सप्टेंबर

चि. भिंगरी,

पत्र मिळालं. नंबराचं नंतर बघू.

चेन ताणली जाते असं लोक म्हणतात. लोखंड म्हणजे काही रबर नाही. आतल्या पिना झिजतात, प्रत्येक सांध्यात केसभर जागा होते, आणि त्या सगळ्या केसांची मिळून चेन लांबते. फूटपट्टी घे. चेन ताठ धरून एका पिनेच्या मध्यावर शून्य लाव आणि बारा इंचांच्या रेघेवर काय येतं ते बघ. नव्या चेनची पिन बरोब्बर रेघेवर येते. अर्धं सूत पुढे गेली असेल तर चेन बदलायची वेळ झाली. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, शाळेत शिकवला नसेल तर. अख्खं सूत पुढे गेली असेल तर नुसती चेन बदलून भागत नाही, मागच्या दातेरी चकत्याही गेल्या असं धरून चाल. पुढच्या चक्राशी चेन चिमटीत धरून बाहेर ओढूनही बघ. दात अर्ध्याहून जास्त उघडा पडला तर तोच निकाल.

एक गोष्ट मात्र मला पटत नाही. सपाट रस्त्यावर, तुझ्यासारख्या काटकुळीच्या वजनाने, ही चेन तीन वर्षं तरी जायला हवी होती. कुठेतरी पाणी मुरतंय.

दुकान चाललंय. सध्या लहान मुलांच्या तीनचाकी सायकलींची साथ आली आहे, रोज एक तरी वाकडं चाक येतं. भिंतीवरच्या तुझ्या खुंटीला तुझा ॲप्रन धुऊन, इस्त्री करून लावला आहे. शेजारच्या तुझ्या बापाच्या खुंटीवर मी जुन्या ट्यूब टांगते. खिळा मजबूत आहे म्हणून, दुसरं काही नाही.

तू वर्षभरासाठी जाते म्हणालीस. वर्ष होत आलं. परत येऊन दुकानात उभी राहणार असशील तर मी वाट बघेन. नसशील तर तसं सरळ लिही, आडपडदा नको. माझा भाऊ एका दुपारी ॲप्रन काढून गेला तो आठ वर्षांत फिरकला नाही, कुठे आहे तेही माहीत नाही. ती एक खुंटी रिकामी पडली, ती मी सोसली. दुसरी सोसायची झाली तर तयारीला थोडा वेळ लागेल, एवढंच माझं म्हणणं.

तुझी
आत्या


३ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

मोजली. अख्खं सूत. वर थोडं अधिकच.

पण तुझं पत्र येण्याआधीच मी नवी चेन आणली होती आणि इथल्या एकाने ती बसवूनही दिली होती. नव्या चेनचं कौतुक दहा पॅडलंही टिकलं नाही. जुनी अधूनमधून उडी मारायची, ही तर उड्याच मारत सुटली. बसवणाऱ्याने मला बजावलं होतं की जोर पडेल तिथे उतरून ढकलत ने. मी ऐकलं नाही आणि गुडघा फोडून घेतला. काळजी करू नकोस, खपली धरली आहे. रागाने जुनी चेन परत चढवली, तर ती आपली बरी चालते. हा काय प्रकार आहे? मला वाटायचं नवं ते चांगलंच असणार.

येण्याचं म्हणशील तर थोडं थांब, आत्या. आडपडदा नाही. नुसतं थांब.

तुझी
भिंगरी


९ ऑक्टोबर

चि. भिंगरी,

गुडघ्याला पाणी लावू नकोस.

प्रकार साधा आहे. चेन आणि मागचे दाते एकमेकांना घासत घासत बरोबरच झिजतात. चेन लांबली की दातेही त्या मापाने कोरले जातात, एका बाजूला कलतात, आकड्यासारखे होतात. दोघं मिळून वाईट होतात, पण एकमेकांना सांभाळून घेतात. मध्येच नवी चेन घातलीस तर तिचं माप कोरं, दात्यांचं माप झिजलेलं. ती बसणार कशी? म्हणून वेळेवर बदललीस तर नुसती चेन, आणि वेळ चुकली तर दोन्ही. मधला मार्ग नाही.

हीच गोष्ट तुझ्या बापाला पटत नव्हती. तू तेव्हा परीक्षेच्या गडबडीत होतीस म्हणून तुला नीट माहीत नाही. कंपाउंडरची सायकल आली होती. मी म्हटलं दाते गेलेत, दोन्ही बदल. तो म्हणाला दात्यांत अजून एक मोसम बाकी आहे, आणि नुसती चेन घातली. कंपाउंडर चौकापर्यंत गेला, चेनने उडी मारली आणि त्याचं मनगट मोडलं. मी भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर म्हटलं, "ठोक्या, तुला डोळे आहेत की शर्टाची बटणं?" लहानपणापासून प्रत्येक वस्तू आधी हातोडीने ठोकून बघायचा म्हणून ठोक्या. त्याने ॲप्रन काढला, खुंटीला लावला आणि गेला. कंपाउंडर तर प्लास्टर निघाल्यावर हसत परत आला, अजून येतो. गेला तो माझा भाऊ.

मी बरोबर होते. आजही आहे. तू घरात होतीस तोवर बरोबर असण्याचं काही वाटलं नाही. हल्ली एकटी जेवायला बसते तेव्हा वाटतं.

असो. मागच्या चकत्यांचा तो सगळा गठ्ठा, फ्रीव्हील म्हणतो आपण त्याला, तो आणि जुनी चेन मला पार्सलने पाठव. बघून तसंच नवं धाडते. काढायची पद्धत अशी. फ्रीव्हीलच्या तोंडाशी दोन खाचा असतात, त्यांत बसणारी चावी मिळते. ती चावी कारखान्यातल्या व्हाइसच्या लोखंडी जबड्यात घट्ट आवळ, वर चाक आडवं ठेव आणि गाडीच्या स्टिअरिंगसारखं डावीकडे फिरव. पॅडलवर जितका जोर पडतो तितकं फ्रीव्हील आवळत जातं, त्यामुळे चढावरच्या सायकलींची फार अडून बसतात. तुझ्याकडे सपाट रस्ते, सहज निघेल.

तुझी
आत्या


२० ऑक्टोबर

प्रिय आत्या,

सहज निघालं नाही. चाकाच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला पॉलिशवाला आणि पॅकिंगच्या बाई, असे तिघं लोंबकळलो तेव्हा कुठे ते करकरत हललं. साहेब बघून गेले आणि काही बोलले नाहीत, म्हणजे एक तर ते देवमाणूस आहेत किंवा पगारवाढीच्या वेळी बोलणार आहेत.

सोबत फ्रीव्हील आणि जुनी चेन. नवं लवकर पाठव. सायकल नाही तर पायी जाण्यात माझी सगळी संध्याकाळ संपते, आणि पोचते तोवर डबा गार होतो. कॅरिअरची एक दांडीही वाकली आहे, तशी दांडी मिळाली तर तीही टाक.

तुझी
भिंगरी


२७ ऑक्टोबर

चि. भिंगरी,

पार्सल काल फोडलं. रॉकेलमध्ये धुतलं, दिव्याखाली धरलं, आणि बराच वेळ त्याच्याशी बोलत बसले. आता तुझ्याशी बोलते.

मागे सहा चकत्या. लहान चार जवळजवळ कोऱ्या आहेत. सपाट रस्त्यावर माणूस त्याच वापरतो. सगळ्यात मोठ्या दोन मात्र पार गेल्यात, दाते वाकून आकडे झालेत. मोठी चकती लागते ती चढाला. म्हणजे तुझा तळहात बराच उंच दिसतो. चेनच्या पिना अशा खाल्ल्यात की तुझ्या एकटीच्या वजनाने ते होणं शक्य नाही. वर कॅरिअरची दांडी वाकलेली. आणि खोली अगदी जवळ असलेल्या मुलीचा डबा वाटेत गार होतो.

मी पत्र नीट वाचत नाही असं समजू नकोस. तिथे वर टेकाडावर कुणीतरी राहतं. तू रोज त्याला डबा नेतेस, आणि तो अधूनमधून तुझ्या कॅरिअरवर बसतो. त्याला माझा पहिला निरोप असा, की बाबा रे, मागे बसतोस तर निदान चढावर उतरून चाल. दुसरा निरोप नंतर, तोंड बघितल्यावर.

फ्रीव्हीलच्या दोन्ही खाचा कुणा गाढवाने खरवडून ठेवल्यात. तुम्हा तिघांचं काम ते नव्हे, व्हाइसमध्ये चावी अशी निसटत नाही. तुमच्याआधी कुणीतरी हातानेच झटापट केलेली दिसते. त्याच गाढवाने ती नवी चेन बसवली असेल तर त्याच्याकडे पुन्हा जाऊ नकोस. ती चेनही पाठवून दे. तिची रुंदी बरोबर होती का ते बघायचंय. फ्रीव्हील इथे शिल्लक नाही, मागवलं आहे.

आता खरं बोलते. पहिल्यांदा मला राग आला. मग मी दुकानाचा दरवाजा ओढून घेतला आणि थोडी रडले. मग हसू आलं. तुझी आई गेली तेव्हा तू माझ्या कडेवर बसून टायरची झडप चोखायचीस. त्या पोरीला रोज टेकाड चढून जावंसं वाटेल असं माणूस भेटलं, तर मी अडवणारी कोण? माझ्यासाठी परत येऊ नकोस. खुंटीसाठी तर मुळीच नको. दुकान मी ओढीन तोवर ओढीन, मग कुलूप लावीन. फक्त मला कळव. मला न सांगता कुणी गेलं की माझ्याच्याने ते पेलत नाही.

तुझी
आत्या


५ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

तुझं पत्र जिन्यातच वाचलं आणि तिथेच पायरीवर बसून राहिले. तू किती बरोबर वाचलंस आणि किती चुकीचं, ते मला आत्ता सांगता येत नाही. मी वचनात अडकले आहे.

हो, वर एक माणूस राहतं. चांगलं आहे, हट्टी आहे, आणि त्याला चढावर उतरून चालता येत नाही. याहून जास्त विचारू नकोस. आणि दुकानाला कुलूप लावायचं बोलू नकोस.

चेन सोबत आहे.

भिंगरी


११ नोव्हेंबर

चि. भिंगरी,

चेन मिळाली. रुंदी बरोबर आहे.

जिथे ती जोडली आहे त्या कडीवर कानशीने मारलेल्या दोन बारीक तिरक्या रेघा आहेत. पुढच्या वेळी सांधा शोधावा लागू नये म्हणून. अशा रेघा मारणारा मी जन्मात एकच बघितला आहे. कडी कमजोर होते म्हणून मी त्याला त्यावरून किती बोलले असेन, तुला आठवत असेल.

कसा आहे तो?

आत्या


१६ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

आता लपवण्यासारखं काही राहिलं नाही. वचन मी मोडलं नाही, कडीने मोडलं.

गेल्या वर्षी बाबांचं मला एक कार्ड आलं. इतक्या वर्षांत पहिलंच. तब्येत जरा बरी नाही, तू मजेत असशील, असं दोन ओळींचं. पत्ता बघितला आणि या गावात कुठे नोकरी मिळते ते शोधायला लागले. तुला म्हटलं कारखाना चांगला आहे. कारखाना चांगला आहेच, पण मी आले ती त्यांच्यासाठी.

ते गावाच्या वर, टेकाडावरच्या पाण्याच्या टाकीवर आहेत. व्हॉल्व्ह उघडायचे, बंद करायचे, टाकीची पातळी बघायची, असं काम. बाजूला एक खोली आहे. खोलीत खाट, टेबल आणि तुला हसू येईल, पण भिंतीवर हत्यारं अगदी आपल्या दुकानातल्या क्रमाने लावलेली. त्यांचं हृदय दुबळं झालंय, आत्या. उतरू शकतात, चढू शकत नाहीत. दर आठवड्याला डॉक्टरकडे नेताना मागे बसवून उताराने आणते, आणि परत जाताना वळणापर्यंत पॅडल मारते, पुढे ढकलते. ते सारखे म्हणतात मी उतरतो. मी म्हणते गप्प बसा. रोज संध्याकाळी डबा, औषधं आणि धुतलेले कपडे घेऊन जाते.

डॉक्टरांनी आता स्पष्ट सांगितलंय की त्यांनी वर एकटं राहायचं नाही. मी त्यांना म्हटलं, घरी चला. ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "ताईला कळता कामा नये. तिला वाटेल, दम संपला तेव्हा बहीण आठवली." मग माझ्याकडून वचन घेतलं. तुला कळल्याचं मी त्यांना सांगितलं आहे. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

एका गोष्टीचं मला फार वाईट वाटतं. चेन त्यांनीच बसवली. इतक्या वर्षांनी, तुमचं ज्यावरून फाटलं तेच त्यांनी पुन्हा केलं, जुन्या दात्यांवर नवी चेन. तू कंपाउंडरची गोष्ट लिहिलीस तेव्हा मला वाटलं, बाबा विसरायला लागले का? डोक्यावरही परिणाम झाला का? विचारायचा धीर होत नाही.

मला तुम्ही दोघं हवे आहात. एकीकडे असले की दुसरीकडचं घर डोळ्यांसमोर येतं. असं किती दिवस चालेल?

तुझी
भिंगरी


२२ नोव्हेंबर

चि. भिंगरी,

तो काही विसरला नाही. त्या काळजीने जागी राहू नकोस.

तुझं पत्र वाचून मी ते फ्रीव्हील पुन्हा टेबलावर घेतलं. माझ्या या चष्म्यातून नीट दिसेना, म्हणून कंपाउंडरकडून औषधाच्या बाटल्यांवरचं बारीक वाचायचं भिंग मागून आणलं. खाचांवरचे ओरखडे एकावर एक आहेत, काही जुने, काही नवे. म्हणजे कुणीतरी चावी लावली, जोर केला, ती निसटली. पुन्हा लावली, पुन्हा निसटली. एका बैठकीत नाही, बऱ्याच दिवसांत. तुझी पाठ वळली की.

ठोक्या एकच चूक दोनदा करणारा माणूस नाही. दाते गेलेत हे त्याला तुझ्या-माझ्या आधी कळलं होतं. त्याच्याने फ्रीव्हील निघालं नाही. हातात जोर उरला नाही, आणि लेकीला ते सांगण्यापेक्षा त्याने नवी चेन चढवली आणि तुला म्हणाला ढकलत ने. तू रोज त्याच्यासाठी टेकाड चढत होतीस, आणि तुझ्या प्रत्येक चढाईने ते फ्रीव्हील आणखी आवळत होतं. मागे एका पत्रात मी ज्याला गाढव म्हटलं तो माझा भाऊ होता. ज्या हातांनी ट्रकच्या चाकाचे नट उघडले ते हात दोन खाचांशी हरले, आणि मी इथे बसून त्यांना नावं ठेवली. कालपासून माझं कशात लक्ष नाही.

नवं फ्रीव्हील, नवी चेन आणि कॅरिअरची दांडी पाठवते आहे. कारखान्यात बसवू नकोस. सगळं वर त्याच्या खोलीत ने. नवं फ्रीव्हील हातानेच आत जातं, जोर लागत नाही. सुरुवातीचे आटे जुळवायला मात्र जाणता हात लागतो, तिरकं गेलं तर चाक फुकट. ते त्याला करू दे. तू चाक धर. खाचांबद्दल अवाक्षर काढू नकोस. आम्हा दोघांनाही ते आवडायचं नाही.

मी त्याला पत्र लिहिणार नाही. ॲप्रन त्याने काढला होता, मी काढायला लावला नव्हता. पण पार्सलमध्ये एक कोरं पाकीट आहे, वर दुकानाचा पत्ता घातलेला. त्याला वाटलं तर वापरील, नाही तर तुला उपयोगी पडेल.

आणि हो, नंबर तपासून घेतला. चिठ्ठी सोबत आहे. पाहिजे तेव्हा दिसलं नाही म्हणजे काय होतं ते कळलं. फ्रेम साधी बघ, फॅशन नको.

तुझी
आत्या


४ डिसेंबर

ताई,

फ्रीव्हील बसलं. आटे दुसऱ्या खेपेला जुळले. पोरीने चाक स्थिर धरलं होतं, तुझ्यासारखंच, जीभ दातांत धरून. चेन मी कापली आणि जोडली. सांध्यावर दोन रेघा मारल्या आहेत, बोलायचं असेल तर बोल.

काल तिच्या मागे बसून खाली आलो आणि नंतर सपाट रस्त्यावर जरा फिरलो. चेनचा आवाज नाही. मागे मी बसलोच नसल्यासारखी पोरगी सायकल पळवत होती.

कंपाउंडरचं मनगट पावसाळ्यात दुखतं का ते विचारून ठेव. त्या दात्यांबद्दल मात्र मी आजही तेच म्हणेन. त्यांत एक मोसम बाकी होता.

डॉक्टरांनी चढ कायमचा बंद केला आहे. टाकीवर दुसरा माणूस नेमला, खोली महिनाअखेर सोडायची आहे. हातोडी उचलली की धाप लागते, पण बसून करायची कामं होतात. चाकांच्या तारा आवळणं, पंक्चर, मुलांच्या तीनचाकी. मी रिकामा बसणाऱ्यांतला नाही हे तुला माहीत आहे. कुठे सपाट जागा असेल तर कळव. पोरगी म्हणते तिला माहीत आहे, पण मला तुझ्याकडून कळायला हवं.

तुझा चष्मा पोरीने तयार केला आहे. काचांच्या कडा तिने स्वतः घासल्या. पार्सलने पाठवला तर फुटेल, असं ती म्हणते. कुणीतरी हातात घेऊन यायला हवा.

ठोक्या


८ डिसेंबर

ठोक्या,

पत्र कंपाउंडरकडून वाचून घेतलं. दिसत नव्हतं म्हणून नाही, एकटीने वाचवेना म्हणून. तो म्हणतो मनगट अजिबात दुखत नाही, आणि तू आलास की तुझ्याकडूनच चाकाच्या तारा आवळून घेणार. इतकी वर्षं त्याने त्या मला आवळू दिल्या नाहीत. का, ते मला आज कळलं.

सकाळची गाडी धरा. दुपारी ऊन लागतं. स्टेशनवर जिना आहे, तो चढायचा नाही, मागच्या फाटकाने बाहेर या. मी हातगाडी घेऊन तिथे उभी असेन. लाजायचं काम नाही, लहानपणी मी तुला तिच्यातूनच फिरवलंय. भिंगरीला म्हणावं, सायकल सामानाच्या डब्यात चढव. आणि कारखान्याच्या साहेबांशी नीट बोलून ये, तिथलं काम सोडायचं की चालू ठेवायचं ते आपण तिघं बसून ठरवू. तिची खुंटी काही पळून जात नाही. बसून कामं करता यावीत म्हणून तुझ्या जागेशी खुर्ची ठेवली आहे, पाठ असलेली.

त्या दात्यांत मोसम बाकी नव्हता.

तुझ्या खुंटीवरच्या ट्यूब काढल्या.

ताई